संग्रहालयात पहिल्यांदा जातोयस तर

साताऱ्याला स्टँडजवळच्या शिवाजी संग्रहालयात जातोयस ना? तलवारींपुढे सेल्फी काढत बसू नकोस. दांडपट्टा दिसला की थांब. मूठ कोपरापर्यंत झाकणारी, म्हणजे मनगट वळतच नाही; सगळा वार खांद्यातून, कमरेतून. शिवराई, म्हणजे महाराजांचं तांब्याचं नाणं, असेल तर वाकून वाच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. झिजलेल्यावर अर्धीच अक्षरं सापडतात, पण मजा त्यातच. मोडी येत नसली तरी शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ शोध. ही मुद्रा म्हणजे मजकूर इथं संपला, पुढे कुणी ओळ घुसडायची नाही.

आणि २०२४ च्या जुलैत लंडनहून आलेली वाघनखं खुद्द महाराजांचीच, असं छातीठोक सांगत फिरू नकोस. ज्यांनी ती दिली ते लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयही तसं सांगत नाही.