दाणा तोच, आकडे वेगळे

प्रश्न : भुईमुगाचं घरचं जुनं बी आणि विकत आणलेलं नवं वाण, दोन्हींचे दाणे मी दोन प्रयोगशाळांतून तपासून घेतले. जुन्यात तेल ४८ टक्के, प्रथिनं २४.६. नव्यात तेल ४६, प्रथिनं २७. घाणेवाले म्हणतात जुनंच धरा, मुलगा म्हणतो नवं जास्त पौष्टिक. कुणाचं ऐकू? सोबत दोन्ही रिपोर्टच्या झेरॉक्स.
— एक शेतकरी, कागल तालुका

उत्तर : दादा, झेरॉक्स जोडल्यात हे फार बरं केलंत. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ओलावा लिहिलाय, तो कुणी वाचत नाही. जुन्या दाण्यात ५ टक्के, नव्यात ९. पाणी वजा करून बघा : ४८ भागिले ०.९५ आणि ४६ भागिले ०.९१. दोन्हीकडे ५०.५ येतं. म्हणजे तेल सारखंच.

प्रथिनांची गोम आणखी वेगळी. प्रयोगशाळा सहसा दाण्यातला नायट्रोजन मोजते आणि त्याला एका ठरलेल्या आकड्यानं गुणते. भुईमुगाला तो आकडा ५.४६, सर्वसाधारण अन्नाला ६.२५. तुमच्या पहिल्या रिपोर्टात ५.४६ आहे, दुसऱ्यात ६.२५. एकाच आकड्यानं गुणलं आणि पाणी काढलं की दोन्हीकडे २५.९. घरात वाद चाललाय तो वाणाचा नाही, ओलाव्याचा आणि गुणाकाराचा आहे. (९ टक्के ओलाव्याचे दाणे पोत्यात भरू नका, बुरशी धरेल. ७ च्या आत आणा.)

खरा फरक असलाच तर तेलाच्या जातीत असेल. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफीवर (तेलातले घटक वेगळे करून मोजायची लॅबमधली पद्धत) ओलिक आणि लिनोलिक या तेलातल्या दोन मुख्य स्निग्ध आम्लांचं प्रमाण काढून घ्या. लिनोलिक जास्त असलं की तेल आणि दाणे लवकर खवट होतात. जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेची गिरनार-४ आणि गिरनार-५ ही वाणं याच कामासाठी काढलेली. त्यांच्या तेलात लिनोलिक कमी आणि ओलिक ८० टक्क्यांच्या आसपास असतं, नेहमीच्या वाणांत ओलिक बरंच कमी. पण इथंही घाई नको. शेंगा भरताना ऊन तापलं की ओलिक वाढतं, कोवळ्या दाण्यात ते कमी असतं. उन्हाळी भुईमूग एका वाणाचा आणि खरिपाचा दुसऱ्याचा, अशी तुलना करणारे मला लॅबमध्ये नेहमी भेटायचे आणि वर हुज्जत घालायचे.

तेव्हा येत्या खरिपात एकाच रानात दोन्ही वाणांचे पट्टे आलटून पालटून पेरा. ज्याची शेंग जेव्हा पिकेल तेव्हा काढा, सारखं वाळवा. प्रत्येक वाणाचे दाणे पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन घ्या, पुन्हा मिसळा, पुन्हा चार भाग, किलोभर उरेपर्यंत. वरची ओंजळ उचलून पाठवू नका. आणि दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत द्या.

मुलाला एक सांगा : पौष्टिकपणा म्हणजे नुसती प्रथिनांची टक्केवारी नव्हे. भुईमुगात लायसिन (प्रथिनांतला शरीराला लागणारा एक घटक) कमी असतं, ज्वारीतही कमीच. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चवीला झकास, पण सोबत ताक किंवा मुगाची उसळ असू द्या. ही उणीव वाण बदलून भरून निघेल असं धरू नका.

प्रश्न : सोयाबीनमध्ये प्रथिनं ४० टक्क्यांपर्यंत असतात म्हणे. मग कच्चंच दळून पिठात मिसळलं तर?
— एक गृहिणी, इचलकरंजी

उत्तर : नको. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन इन्हिबिटर नावाचा घटक प्रथिनांचं पचन अडवतो. रिपोर्टात ४० टक्के दिसतील, अंगी तेवढे लागणार नाहीत. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं काढलेल्या एनआरसी-१२७ या वाणात यातला मुख्य, कुनिट्झ नावाचा प्रकार नाही. तरी दुसरा उरतोच. त्यामुळे वाण कुठलंही असो, दाणे भिजवा, वीसेक मिनिटं उकळा, वाळवा आणि मगच गिरणीत न्या.