कागदाच्या लगद्याची टोपली उन्हात का तडकते?

तुमचा प्रश्न असा: भुसावळला रद्दी भिजवून, मेथ्या वाटून घालून घमेल्यावर टोपल्या थापल्या. एप्रिलच्या उन्हात त्यांना काठापासून बुडापर्यंत तडे गेले. ज्या टिकल्या त्यांना पावसाळ्यात बुरशी आली.

दोष एकट्या उन्हाचा नाही, घमेल्याचाही आहे. ओला लगदा वाळताना आकसतो, घमेलं आकसत नाही. तुम्ही पालथ्या घमेल्यावर बाहेरून थापलंत, म्हणजे लगदा घमेल्याला आवळत गेला आणि जागा न मिळाल्यावर फाटला. काठ सगळ्यात पातळ, तो आधी वाळतो, म्हणून तडा तिथून सुरू होतो. त्यात आपल्याकडची एप्रिल-मेची झळ. बाहेरचा थर तासाभरात कडक होतो, आतला ओलाच राहतो. तो मागाहून वाळून आकसू लागला की वाकडेपणा आणि बारीक भेगा येतात.

यावर दोन उपाय आहेत. एकतर घमेल्याच्या आतून थापा, म्हणजे लगदा आकसताना साचा आपोआप सोडतो. किंवा बाहेरूनच थापायचं असेल तर टोपली अर्धवट ओली असतानाच साच्यावरून काढा. उन्हाळ्यात सावलीत साधारण दीड दिवसाने ती वेळ येते: बोटाने दाबलं तर खळगा पडत नाही, पण हाताला गार लागते. साच्यावर आधी जुन्या सुती लुगड्याचा ओला तुकडा पसरा. प्लॅस्टिकचा कागदही सुटतो, पण त्याखाली ओल कोंडून राहते.

आता मिश्रण. सुक्या रद्दीच्या एक किलोत दहा इंच व्यासाच्या दोन टोपल्या होतात. वर्तमानपत्राचा कागद लवकर विरघळतो, पण त्याचे तंतू आखूड, म्हणून नुसत्या त्याची टोपली ठिसूळ होते. निम्मी वर्तमानपत्रं आणि निम्म्या जुन्या वह्या किंवा खोक्यांचा पुठ्ठा घ्या. अंड्यांचे ट्रे मिळाले तर उत्तम, ते मुळात लगद्याचेच असतात. चकचकीत मासिकं आणि लग्नपत्रिका नकोत. त्यांच्यावर मातीचा किंवा प्लॅस्टिकचा लेप असतो, तो धड बांधला जात नाही. पिना आणि चिकटपट्ट्या आधीच काढा.

वर्तमानपत्र रात्रभर, पुठ्ठा दोन दिवस भिजवा. उन्हाळ्यात पाणी रोज बदला, नाहीतर आंबतं आणि तो वास पुढे जात नाही. मिक्सरमध्ये मूठभर कागदाला चौपट पाणी घालून दहा-दहा सेकंदच फिरवा. जास्त फिरवलं की लगदा गुळगुळीत दिसतो, पण तंतू तुटतात. उखळात कुटलेला लगदा दिसायला ओबडधोबड, मात्र जास्त मजबूत. मग फडक्यात घालून पिळा. मुठीत दाबल्यावर बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. थापताना ढिला वाटला म्हणून वरून पाणी शिंपडू नका. जितकं पाणी जास्त, तितका लगदा आकसणार. पिळलेलं पाणी मोरीत ओतू नका, बारीक तंतू पाईपात बसून तुंबतात.

किलोभर कागदाला १०० ग्रॅम मेथ्या रात्रभर भिजवून बारीक वाटून घाला. त्यांचा चिकट अंश हाच इथला डिंक. जोडीला ५० ग्रॅम चिंचोक्याचं पीठ अर्धा लिटर पाण्यात शिजवून खळ केली तर काठ जास्त घट्ट बसतो. मुलतानी माती १०० ग्रॅमपर्यंत चालते. मात्र प्रमाण वाढवलंत तर टोपली जड होते आणि पडली की फुटते. बुरशीला म्हणून मीठ घालायचा सल्ला बरेच जण देतात. तो मानू नका, पावसाळी हवेत मीठ ओल ओढून घेतं.

तुमच्या जवळच्या रावेर-यावल या केळीच्या पट्ट्यात लगद्यासाठी याहून चांगला माल बांधावर पडलेला असतो. केळीच्या झाडाला घड एकदाच येतो, मग खांब कापून टाकतात. बाहेरची सोपटं सोडवून फळीवर बोथट सुरीने खरवडली की पांढरट धागा निघतो. जुने कपडे घाला, चिकाचे डाग निघत नाहीत. सुका धागा १०० ग्रॅम, बोटाच्या पेराहून आखूड कापलेला. लांब ठेवलात तर मिक्सरच्या पात्याला गुंडाळतो. तीन लिटर पाण्यात २० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दोन-तीन तास उकळा. पातेलं स्टीलचं घ्या, जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) नको, सोडा त्याला खातो. निवळ पाणी येईपर्यंत धुवा, कुटा आणि किलोभर कागदाच्या लगद्यात मिसळा. तडे जाण्याविरुद्ध मेथ्यांपेक्षा याचा भरवसा जास्त.

थापताना जाडी सगळीकडे पाऊण सेंटिमीटर ठेवा, काठाला मात्र दुप्पट, आणि कड आत वळवून गोल करा. पहिला दिवस सावलीत, वर ओलं फडकं टाकून. साच्यातून काढल्यावर पालथी-उताणी करत वाऱ्याला, पण उन्हात नाही. शेवटच्या दिवशी कोवळं ऊन चालेल.

बुरशीचं बहुतेक कारण एकच: टोपली वरून वाळलेली असते, आतून नाही, आणि तिच्यावर रंग चढवून ओल आत कोंडली जाते. स्वयंपाकघराच्या काट्यावर लागोपाठ दोन दिवस वजन करा. आकडा तोच आला तरच पुढचं काम. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर २२०, गेरू किंवा डिस्टेंपर, वर व्हार्निशचे दोन हात, आतून आणि बुडालाही. पावसाळ्यात हे काम काढूच नका. दिवाळी ते होळी हा आपल्याकडचा चांगला काळ.

गरम भाकरी यात ठेवू नका, वाफेने बूड मऊ पडतं. शिवाय वर्तमानपत्राच्या शाईमुळे उघडे खाद्यपदार्थ यात ठेवणं बरं नव्हे. लसूण, सुई-दोरा, कंगवे, बांगड्या यांना ती उत्तम.

तडकलेल्या टोपल्या फेकायची गरज नाही. भेगेच्या कडा ओल्या करून खळ मिसळलेला बारीक लगदा दाबून भरा. आतल्या बाजूने दोन बोटं रुंद सुती पट्टी खळीने चिकटवा आणि पट्टी पूर्ण वाळल्यावरच घासा. बुरशी आलेल्या टोपल्या आधी कडक उन्हात वाळवा, तोंडाला फडकं बांधून अंगणात ब्रशने झाडा. दाबल्यावर बूड मऊ लागलं तर ती टोपली पुन्हा भिजवून लगदा करण्यात अर्थ नाही, ती खताच्या खड्ड्यात टाका.