"काय रांधलं आज?" या प्रश्नाची धास्ती

परदेशात राहणाऱ्या खान्देशी घरांतून एक तक्रार सतत येते. कामावरून परतल्यावर स्वयंपाकाला हात उठत नाही, मुलं ब्रेड-चीज खाऊन झोपतात, आणि मग आई म्हणून आपण कमी पडतो असं मन खात राहतं. अमळनेरकडची, आता जर्मनीत नोकरी करणारी एक ताई हेच घेऊन समुपदेशनाला आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घरात नवरा आणि नऊ व सहा वर्षांची दोन मुलं. ती संध्याकाळी सहाला घरी पोचते. तेव्हा इकडे भारतात उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा झालेले असतात, त्यामुळे झोपण्याआधी आईचा व्हिडिओ कॉल त्याच वेळी येतो. पहिला प्रश्न ठरलेला : "काय रांधलं आज?"

तिच्या मनातलं जेवण म्हणजे कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, भाजी, वरण-भात आणि ठेचा. माहेरी हे जेवण आजी, आई आणि काकू मिळून करत आणि पीठ आठवड्याचं दळलेलं असे. नोकरी करून एकटीने केलेलं काम ती तिघींच्या कामाशी मोजत होती. पण हे समजावून अपराधीपणा जात नाही. म्हणून तिला आठवडाभर साधी नोंद ठेवायला सांगितली : कोण किती वाजता चिडलं, शेवटी काय खाल्लं.

नोंदीतून निघालं ते वेगळंच. चिडचिड स्वयंपाक करताना नव्हतीच, ती सहा ते साडेसहाच्या दरम्यान होती. मुलं शाळेत बाराला जेवत, पुढे पोटात जवळजवळ काही नाही. आणि फ्रिज उघडून "काय करू?" यातच तिची वीस मिनिटं जात. दमलेल्या माणसाला कांदा चिरणं जमतं, काय करायचं ते ठरवणं जमत नाही. तेव्हा दोनच बदल आधी केले. मुलं घरी येताच केळं आणि मूठभर फुटाणे. आणि पाचही संध्याकाळचे पदार्थ शनिवारच्या खरेदीआधीच कागदावर, कारण तिकडे रविवारी दुकानं बंद असतात.

खरी सुटका केली ती रविवारच्या वाटणाने. अर्धा किलो कांदे उभे चिरून दोन चमचे तेल चोळायचं आणि ओव्हनमध्ये 200 अंशांवर 25 ते 30 मिनिटं भाजायचे, मध्ये एकदा हलवायचे. तव्यावर भाजलं तर बंद घरात धुराचा अलार्म वाजतो. 100 ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे पातळ काप शेवटच्या चार-पाच मिनिटांतच घालायचे. कांद्याबरोबर ठेवले तर ते आधी करपतात आणि सगळा रस्सा कडवट होतो. लसणाचा एक गड्डा, दोन इंच आलं, मूठभर कोथिंबीर घालून कमी पाण्यात वाटायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं.

चौघांच्या शेवभाजीला असे सहा ठोकळे लागतात. ते सकाळीच फ्रीजरमधून काढून खालच्या फ्रिजमध्ये ठेवावेत, गोठलेले तापल्या तेलात पडले की तेल उडतं. तीन टेबलचमचे तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, दोन चहाचे चमचे काळा मसाला, एक चमचा तिखट, मग तीन कप उकळतं पाणी आणि आठ-दहा मिनिटं उकळी. शेव मीठ घेऊन येते, म्हणून रश्श्यात मीठ कमी. आणि शेव ताटात वाढतानाच घालायची, पातेल्यात घातली तर तिचा लगदा होतो.

खिचडीचा दिवस वेगळा ठेवला. दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी तूरडाळ, एक बटाटा, मूठभर शेंगदाणे, लसूण, हळद, काळा मसाला, साडेपाच वाट्या पाणी. इथे तिची डाळ कच्ची राहत होती. कारण इंडक्शनवर उष्णता एकदम चढते आणि तीन शिट्ट्या डाळ शिजण्याआधीच होतात. गॅसवरचा शिट्ट्यांचा हिशेब तिथे चालत नाही. पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर आठ मिनिटं आणि कुकर आपोआप उतरू द्यायचा. वर कच्चं तेल, सोबत बिबडा (ज्वारीचा पापड).

भरताचा हट्ट मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशी नको. तिकडची जांभळी वांगी ओव्हनमध्ये 40 मिनिटं घेतात, शिवाय टोचून ठेवली नाहीत तर फुटतात. भाकरीचंही तसंच. दुकानातलं ज्वारीचं पीठ जुनं असतं, थापताना चिरतं. उकळत्या पाण्याने मळलं तर जमतं, पण ते शनिवारचं काम.

बुधवार आणि शुक्रवार नवऱ्याचे. "मदत" नव्हे, त्या दिवशी काय करायचं हेही त्यानेच ठरवायचं. तो आम्लेट, ब्रेड, काकडी-टोमॅटो ठेवतो. जर्मन घरांतही संध्याकाळी ब्रेडचं थंड जेवण हीच जुनी रीत आहे. अंडं आणि भाजी असली की मुलांचं ते पुरेसं जेवण झालं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिली आई. तिची चौकशी ही पारख नसून काळजी होती, पण सहाच्या घाईत ती पारखच वाटते. कॉल रविवारी सकाळी अकराला नेला. तेव्हा इकडे जेवणं उरकलेली असतात आणि तिकडे कांदे भाजायला लागलेले. आईकडे कामही दिलं : काळा मसाला आणि बिबडे कुणी येणाऱ्याबरोबर पाठवायचे. तूप नको, दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात सामानातून नेता येत नाहीत.

एक गोष्ट तपासून घ्यावी. जेवणाची सोय लागूनही थकवा हटत नसेल, झोप मोडत असेल, दोन आठवड्यांहून जास्त कशातच मन लागत नसेल, तर तिथल्या डॉक्टरांना भेटा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12 आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करावी का ते विचारा. हिवाळ्यात ऊन कमी असलेल्या देशात, त्यातही शाकाहारी घरात, यातलं काहीतरी कमी निघण्याची शक्यता बरीच असते.