शहराचा इतिहास आणि लोकसंगीत यांवर वाद्यवृंदासाठी रचना करताना मूळ चाली जशाच्या तशा घ्याव्यात का?

शक्यतो घेऊ नयेत, असे माझे मत आहे आणि ते स्वतःच्या चुकीतून बनले आहे. पहिल्या प्रयत्नात मी ध्वनिमुद्रणावरून एक लोकगीत स्वरलिपीत उतरवले आणि त्याखाली नेहमीचे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गट, बसवले. मूळ गायिकेचा गंधार (‘ग’ हा स्वर) शुद्ध आणि कोमल यांच्या मध्ये कुठेतरी हेलकावत असे. खाली शुद्ध गंधार असलेला मेजर कॉर्ड येताच तो एका जागी खिळला आणि चालीतला प्राणच गेला.

त्यानंतर मी हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांच्या ‘डान्स स्वीट’ या वाद्यवृंदासाठीच्या नृत्यमालिकेचा अभ्यास केला. बुडा, पेस्ट आणि ओबुडा ही शहरे १८७३ मध्ये एक होऊन बुडापेस्ट झाले. त्या घटनेच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त, म्हणजे १९२३ मध्ये, ही रचना झाली. फोनोग्राफ हे ध्वनिमुद्रणाचे जुने यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडलेल्या या माणसाकडे हजारो चालींचा संग्रह होता, तरीही या रचनेत त्यांनी एकही प्रत्यक्ष लोकगीत वापरले नाही. हंगेरियन, रुमानियन आणि अरबी वळणाच्या चाली त्यांनी स्वतः घडवल्या आणि नृत्यांच्या मधूनमधून परतणारे एक शांत, हंगेरियन ढंगाचे पालुपद त्यांना जोडण्यासाठी ठेवले. शहराच्या इतिहासातील लढाया किंवा मिरवणुका त्यांनी रंगवल्या नाहीत. निरनिराळे सूर शेजारीशेजारी नांदतात हे रचनेच्या बांधणीतूनच ऐकू येते. (पहिला प्रयोग फारसा रंगला नव्हता, ही गोष्ट मला अजूनही धीर देते.)

अपवाद आहेच. एखादा नाद ही शहराची खूणच असेल तर तो थेट घ्यावा, मात्र थोडकाच. इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्स यांच्या ‘लंडन सिम्फनी’त वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाचे टोल हार्पवर सुरुवातीला आणि पुन्हा शेवटाकडे येतात, तेवढ्यानेच भागते.

खरी कसोटी वाद्ययोजनेत लागते. दहा-बारा व्हायोलिनवादकांनी एकच मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे) घेतली की प्रत्येकाचे बोट वेगळ्या क्षणी सरकते आणि रेषेऐवजी धूसर पट्टा ऐकू येतो. म्हणून लोकगायकीच्या हरकती मी एकट्या व्हिओलाला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खालच्या सुराचे वाद्य) किंवा ओबो या फुंकवाद्याला देतो. अखंड आधारस्वरासाठी चेलोच्या खालच्या दोन मोकळ्या तारा उत्तम, कारण त्या मुळातच पंचमाच्या अंतरावर असतात. सात मात्रांचा ठेका असेल तर दोन-दोन-तीन हे गट लेखनात स्पष्ट दाखवावेत, नाहीतर तालमीचा मोजका वेळ मात्रा मोजण्यातच जातो. आणि मुक्त लयीतले गीत मापांच्या चौकटीत कोंबण्यापेक्षा बाकीच्या वादकांना एक लांब स्वर धरायला सांगून एकल वादकाला त्याच्या श्वासाप्रमाणे वाजवू द्यावे.