एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहे. इंटर्नना शिकवायचं कसं, आणि स्वतःला मदत कुठे मिळेल?
शिकवायला वेगळा तास लागत नाही, राउंडमधली पाच मिनिटं पुरतात. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये 'वन मिनिट प्रिसेप्टर' ही पद्धत मांडली, ती वापरून बघा. इंटर्नने केस सांगितली की त्यालाच विचारा, 'तुला काय वाटतं?' मग, 'कशावरून?' त्यानंतर त्या केसमधून एकच नियम शिकवा. मग त्याने बरोबर काय केलं ते नेमकं सांगा आणि चूक दुरुस्त करा.

अवघड असते ती पहिली पायरी, कारण उत्तर आपल्या जिभेवर आलेलं असतं. तरी थांबा. डेंग्यूच्या रुग्णाला प्लेटलेट्स द्यायच्या का, असं त्याने विचारलं तर 'रक्तस्राव आहे का? हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) किती?' इथपर्यंत त्यालाच येऊ द्या. आणि रुग्णासमोर, नातेवाइकांसमोर त्याची चूक काढू नका, कळकळीने सांगतो. तो पुन्हा प्रश्नच विचारणार नाही.

संशोधनाचा बीसीबीआर (बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च) हा ऑनलाइन कोर्स पहिल्याच वर्षी करून टाका, थिसिसला उपयोगी पडतो.

सलग ड्युट्यांनी मन थकलं, झोप उडाली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. २४ तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२. मार्डच्या (निवासी डॉक्टरांच्या राज्यातल्या संघटनेच्या) तुमच्या कॉलेजातल्या प्रतिनिधीचा नंबर आजच घेऊन ठेवा.