बस लटकली, पुढे काय?

प्रश्न : परवा नातवाने लॅपटॉपवर १९६९चा 'द इटालियन जॉब' लावून दिला, जाम हसलो, पण शेवटी चोरीचं सोनं भरलेली बस दरीच्या कडेला लटकते, हिरो मायकेल केन म्हणतो थांबा रे, आयडिया सुचलीये, आणि संपलाच की हो पिक्चर! नातू म्हणतो फाईल अर्धीच उतरली असेल. पुढे काय होतं? आणि त्या छोट्या गाड्या पायऱ्यांवरून खरंच उतरवल्यात का?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, फाईल पूर्ण आहे, पिक्चर तिथंच संपतो.

आधी गाड्यांचं सांगतो, कारण माझा जीव त्यांच्यातच अडकलाय. हो, गाड्या खऱ्याच, लाल-पांढरी-निळी अशा तीन मिनी कूपर, चालवणारी टीम रेमी ज्युलियन या फ्रेंच स्टंटवाल्याची. पायऱ्या इटलीतल्या तुरीन शहरातल्या ग्रान माद्रे दी दिओ चर्चच्या आणि गच्चीवरचा रस्ता फियाटच्या लिंगोट्टो कारखान्याचा, तिथे छतावरच गाड्या टेस्ट करायचा ट्रॅक होता. फक्त गाड्या ज्या गटारातून पळतात ते तुरीनचं नाही, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं. गंमत म्हणजे शूटिंगला मदत फियाटने केली, आमच्या गाड्या वापरा म्हणून मागेही लागले, पण पिक्चरवाल्यांना मिनीच पाहिजे, आणि मिनीच्या कंपनीनेच हात आखडता घेतला!

आता एक हिशोब बघा. या तीन मिनींतून पळवलेलं सोनं ४० लाख डॉलरचं, अमेरिकेचा तेव्हाचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर, म्हणजे झालं साधारण साडेतीन टन, तिघींत वाटलं तर एकेकीच्या पोटात अकराशे-बाराशे किलो, आणि मिनीचं स्वतःचंच वजन साडेसहाशेच्या आसपास! आपल्याकडे डिकीत तांदळाची दोन पोती टाकली तरी गाडी मागून बसते आणि ह्या बाया उड्या मारतात.

बसचं लफडं पण वजनाचंच आहे, माणसं पुढच्या टोकाला, सोनं मागे दरीवर, कोणी सोन्याकडे एक पाऊल टाकलं की बस मागे कलते आणि सोनं अजून थोडं सरकतं. यावर ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००८मध्ये चक्क स्पर्धा ठेवली होती, एक अट अशी, हेलिकॉप्टर चालणार नाही. जिंकलेल्या उत्तरात मागच्या काचा फोडून वजन कमी करायचं, टायरची हवा सोडायची म्हणजे बस डुलणार नाही, टाकीतलं इंधन खाली सोडायचं, मग एकाने उतरून दगड आणून पुढे भरायचे आणि शेवटी सोनं काढायचं. मला आवडलं, पण बसमध्ये इतका वेळ कोण शांत बसेल हो?

केनने स्वतः सांगितलेला शेवट वेगळाच आहे, इंजिन चालू ठेवून पेट्रोल संपेपर्यंत तासन् तास बसायचं, मग बस वर येते, पोरं सुखरूप उतरतात, पण सोनं जातं दरीत आणि खाली माफियावाले उभेच.

आणि हो, नातू आता २००३चा त्याच नावाचा पिक्चर लावेल, पुढचा भाग समजून बसू नका, त्यात ही बस नाहीच.