हजेरी आणि सहभागाला गुण ठेवल्याने विद्यार्थ्यांना विषयाची गोडी लागेल का?

पदवीच्या वर्गासाठी नवा अभ्यासक्रम आखताना हजेरी, वर्गातील चर्चा आणि साप्ताहिक चाचण्या या प्रत्येकाला थोडे थोडे गुण ठेवले, तर विद्यार्थी हळूहळू मनापासून शिकू लागतील का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. विद्यार्थी वर्गात येतील, चाचण्या देतील, बोलतीलही. पण गोडी लागणार नाही आणि ज्यांना ती मुळात होती त्यांचीही ती कमी होण्याचा संभव आहे. आपल्या प्रश्नातले ‘गुणांशिवाय विद्यार्थी हलत नाहीत’ हे वाक्य मी आमच्या विभागप्रमुखांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

मी सांख्यिकी शिकवतो. हा विषय बहुतेकांच्या वाट्याला सक्तीने येतो आणि पुस्तकातल्या तयार आकड्यांवर तीच ती गणिते सोडवून विसरला जातो. म्हणून सत्राच्या उत्तरार्धातील ठरावीक गणिते काढून टाकून मी एकच काम ठेवले : प्रत्येकाने स्वतःला पडलेला एखादा प्रश्न घ्यावा, त्यासाठी नोंदी स्वतः गोळा कराव्यात आणि निष्कर्ष लिहावा. पहिल्या मसुद्याला गुण नसत, फक्त शेरे असत. गुण मिळत ते सुधारलेल्या अंतिम लेखनाला.

त्या वर्गातल्या एका मुलीला प्रश्न पडला होता की लिफ्टमधले दार बंद करण्याचे बटण दाबल्याने दार खरोखरच लवकर बंद होते, की ते बटण नुसते समाधानासाठी बसवलेले असते. ती हातात घड्याळ घेऊन लिफ्टमध्ये उभी राहू लागली. तिच्या वहीत बटण दाबले की नाही आणि किती सेकंद लागले, असे दोन रकाने होते. ऐनवेळी कोणी आत शिरले का, हा तिसरा रकाना तिने आपणहून वाढवला. पहिल्या मसुद्यात तिने ‘बटण खोटे आहे’ असा निकाल देऊन टाकला होता. मी समासात एवढेच लिहिले की, फरक लहानसा असता, तर तो इतक्या नोंदींत दिसला असता का?

दुसऱ्या दिवशी ती विचारायला आली की, किती नोंदी घेतल्या म्हणजे पुरे. अभ्यासक्रमात हा भाग नव्हता. शोधायचा फरक निम्मा झाला की नोंदी चौपट लागतात, हे ऐकून तिने कपाळाला हात लावला आणि तरीही ती पुन्हा लिफ्टपाशी गेली. तेथे तिच्या ध्यानात आले की लिफ्ट रिकामी असतानाच आपण बटण दाबत होतो, तेव्हा दोन गटांची तुलनाच न्याय्य नव्हती. मग दाबायचे की नाही, हे ती नाणे उडवून ठरवू लागली. यादृच्छिकीकरणावर, म्हणजे कोणती नोंद कोणत्या गटात जाणार हे नशिबावर सोडण्यावर, मी घेतलेल्या व्याख्यानापेक्षा हे नाणे अधिक मोलाचे होते. अंतिम लेखनात ‘बटण खोटे आहे’ हे वाक्य जाऊन ‘फरक असलाच, तर तो या मर्यादेपेक्षा लहान असावा’ असे वाक्य आले. सांख्यिकी शिकल्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

विभागप्रमुखांना हे पसंत पडले नाही. ‘शेरे द्या, पण गुणही द्या, दोन्ही द्यायला आपल्याला कोणी अडवले आहे?’ असा त्यांचा सवाल होता, आणि पुढील सत्रापासून पहिल्या मसुद्याला व वर्गात विचारलेल्या प्रश्नांनाही गुण ठेवण्यात आले. लगेच मला विचारणा होऊ लागली की, किती नोंदी घेतल्या म्हणजे पूर्ण गुण मिळतील. वर्गात प्रश्नांची संख्या वाढली खरी, परंतु विचारून झाल्यावर उत्तर ऐकायला विचारणाराच थांबत नसे.

त्यांच्या सवालाचे उत्तर मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ मध्येच देऊन ठेवले होते. त्यांनी शाळकरी मुलांच्या एका गटाला फक्त शेरे, दुसऱ्याला फक्त गुण आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. कामातली रुची टिकली ती फक्त शेरे मिळालेल्या गटाची. दोन्ही मिळाले की नजर गुणांवर जाते आणि शेरा वाया जातो.

अभ्यासक्रमाच्या रचनेविषयी थोडक्यात सांगायचे, तर मनापासून शिकण्यासाठी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलेल्या तीन गरजा ध्यानात ठेवणे पुरेसे आहे : निवड आपली असल्याची जाणीव, काम जमत असल्याचा अनुभव आणि वर्गाशी व शिक्षकाशी नाते. मात्र निवड मोकाट ठेवू नये. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ऐच्छिक निबंधासाठी सहा विषय दिले, तेव्हा ७४ टक्के विद्यार्थ्यांनी निबंध लिहिला. तीस विषय दिले, तेव्हा ६० टक्क्यांनी. ज्याला काहीच सुचत नाही त्याच्यासाठी मी पाच-सहा विषय हाताशी ठेवतो.

दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येक मसुद्यावर शेरे लिहिणे एका माणसाला झेपणारे नाही, हे मला मान्य आहे. तेथे मसुदे आपसांत वाचायला द्यावे लागतात आणि त्यातून येणारे शेरे पुष्कळदा पोकळ असतात. सूत्रे पाठ करण्यासारख्या मुळातच नीरस कामाला गुण ठेवल्याने फारसे बिघडत नाही, कारण तेथे मारली जाण्याजोगी रुचीच नसते. शिवाय संस्थेचा नियम असेल, तर हजेरीचे गुण आपल्याला ठेवावेच लागतील. ते कमीत कमी ठेवावेत आणि वर्गात त्यांचा उच्चार करू नये.

राहता राहिला विभागप्रमुखांचा आवडता दाखला. कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी १९९४ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेऊन, बक्षिसांमुळे आंतरिक प्रेरणा, म्हणजे कामाचीच ओढ, सहसा घटत नाही, असे म्हटले होते, आणि बैठकीत प्रत्येक वेळी तेवढेच सांगितले जाई. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ मध्ये १२८ प्रयोगांच्या आधारे त्याचा प्रतिवाद केला, तो बाजूला ठेवला, तरी त्या १९९४ च्या आढाव्यातच एक अपवाद नोंदवलेला आहे : बक्षीस आधी जाहीर केलेले असेल, मूर्त असेल आणि कामाच्या दर्जाकडे न पाहता केवळ ते केल्याबद्दल मिळत असेल, तर रुची घटते. हजेरीचे गुण या वर्णनात तंतोतंत बसतात.